गोळे पडत नाहीत

कारखान्यात त्यांना सगळे कानवाले म्हणत आणि घरी बायको ठार बहिरे म्हणे. दोन्ही खरं होतं, आणि सगळी कटकट तिथेच होती.

कारखाना कपबश्यांचा. कपाला वरून काचेसारखी चकाकी असते ना, ती ज्या पांढऱ्या पातळ पाण्यात कप बुडवून येते, ते पाणी दळायचं काम कानवाल्यांकडे. हो, दळायचंच. आठ फूट व्यासाचं एक भलंमोठं आडवं पिंप, दोन टोकांना बेअरिंगवर टेकवलेलं. त्याला बॉल मिल म्हणतात. आत निम्म्याला जरा कमी इतके चिनीमातीचे गोळे, कुणी लिंबाएवढा, कुणी संत्र्याएवढा. त्यांच्यावर दगडाची भुकटी आणि पाणी ओतायचं, झाकण आवळायचं आणि पिंप फिरवायचं. पिंप फिरतं तसे गोळे भिंतीला धरून वर चढतात. एका उंचीवर गेले की त्यांचा धर सुटतो आणि ते धबाधबा खाली कोसळतात. खाली जे सापडेल त्याचं पीठ. सहा तासांनी झाकण उघडलं की आत सायीसारखं मऊ पाणी तयार. मिनिटाला एकोणीस फेरे. सव्वीस वर्षं कानवाल्यांनी हेच केलं आणि त्याचा त्यांना कधी कंटाळा आला नाही, यावर त्यांच्या बायकोचा अजूनही विश्वास नाही.

पिंपाच्या आत बघायची काही सोय नसते. म्हणून कानवाल्यांनी एक लाकडी दांडकं ठेवलं होतं. त्याचं एक टोक बेअरिंगच्या घरावर टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडावर, आणि डोळे मिटायचे. माल कमी पडला तर गोळे उघड्या भिंतीवर आदळतात, खणखण ऐकू येते. पाणी कमी पडलं तर सगळं चिखलात रुतल्यासारखं बद्द आवाजात चालतं. नीट जमलं असेल तर भरल्या पोत्यावर कुणीतरी सारखे बुक्के मारतंय असं वाटतं. कानवाले दांडकं काढून सांगत, "अजून दोन बादल्या पाणी." आणि ते कधी चुकत नसत. लॅबवाल्या बाई चाळणी लावून बघत तेव्हा उत्तर तेच येई.

पण सव्वीस वर्षं त्या धबधब्याशेजारी उभं राहिल्यावर कान काय शाबूत राहणार? बारीक आवाज आधी गेले. कुकरची शिट्टी, दाराची घंटा, मुलीचा फोनवरचा आवाज. मुलगी लग्न होऊन दूर राहायची. फोनवर ती ओरडून ओरडून दमायची आणि मग म्हणायची, "बाबा, आईला द्या." जाडे आवाज मात्र राहिले होते. माणसाचं बोलणं अर्धंमुर्धं, मिलचं बोलणं पूर्ण. ही कुठली वाटणी, देव जाणे!

मग नवे साहेब आले. आधी ते बाटल्या भरायच्या कारखान्यात होते. नव्या साहेबांना वाईट म्हणायची सोय नव्हती, हाच तर त्रास. उद्धट असते तर माणूस मनातल्या मनात दोन शिव्या तरी घालतो. हे सगळ्यांना अहो-जाहो करत, खुर्ची द्यायचे, हळू आवाजात बोलायचे. हळू आवाजात! कानवाल्यांशी!

साहेबांनी पहिल्या महिन्यात सगळीकडे फिरून बघितलं आणि विचारलं, "एका घाण्याला सहा तास कशाला?" लॅबमध्ये एक लहान मिल होती, कमरेएवढी, नमुने करायला. तिच्यात दोन तासांत दळून होत होतं. लॅबवाल्या बाईंनी कागदावर लिहून दिलं होतं, बत्तीस फेरे, दोन तास. साहेबांनी बत्तीस हा आकडा उचलला. मोठ्या मिलची मोटर बदलली, वेग कमीजास्त करायची नवी पेटी बसवली, आणि एका सोमवारी दुपारी स्वतः बटण फिरवून काटा बत्तीसवर नेला.

पिंप जोरात फिरायला लागलं. पहिलं अर्धं मिनिट ओळखीचा धबधबा, मग जरा जास्तच धबधबा, आणि मग एकाएकी सगळं शांत. नुसती दातेरी चाकांची घरघर. वरच्या मजल्यावरचे कारकून खिडकीत आले. त्यांतल्या एकाने तर टाळ्या वाजवल्या. विजेच्या मीटरचा काटाही खाली आला. साहेब खूश! "बघा, फेरे जास्त, वीज कमी आणि आवाज नाही. याला म्हणतात सुधारणा."

कानवाले बेअरिंगपाशी धावले. त्यांनी दांडकं टेकवलं, डोळे मिटले. आत काही नाही. बुक्के नाहीत, खणखण नाही, काही म्हणजे काही नाही.

"साहेब, गोळे पडत नाहीत," ते म्हणाले.

"पडत नाहीत? मग जातात कुठे, उडून?"

सगळे हसले. साहेबही हसले, पण सभ्यपणे. कानवाल्यांना सांगायचं होतं की गोळे भिंतीला चिकटून पिंपाबरोबर गरागरा फिरतायत, वर गेले तरी सुटत नाहीत, आणि सुटले नाहीत तर दळणार काय कपाळ? पण हे सगळं तोंडातून बाहेर येईपर्यंत साहेब जिना चढून गेले होते. कानवाल्यांचं हे नेहमीचं. हातांना जे कळतं ते जिभेपर्यंत पोचतच नाही. वाटेतच कुठेतरी बसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी अंगणात प्रयोग केला. अर्धी बादली पाणी घेतलं आणि खांद्यावरून गरागरा फिरवलं. "बघा! बादली उलटी झाली तरी सांडतंय का? तसेच गोळे!" पाणी खरंच सांडलं नाही. सांडलं ते थांबताना, आणि सगळंच्या सगळं टाळ्या वाजवणाऱ्या कारकुनाच्या अंगावर. साहेब शांतपणे म्हणाले, "मिल म्हणजे बादली नव्हे हो." विषय संपला. कारकून दिवसभर ओली पँट घेऊन फिरला आणि भेटेल त्याला ही गोष्ट सांगत राहिला.

माल कच्चाच निघाला. लॅबवाल्या बाईंच्या चाळणीवर पूर्वी चिमूटभर कच राहायची, आता चमचाभर राहू लागली. साहेबांनी खात्रीसाठी सुरुवातीला जुनेच सहा तास ठेवले होते, त्यांचे आठ केले, आठाचे दहा. कपांवर टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडली. दोन भट्ट्या वाया गेल्या. साहेबांनी विचार केला, यंत्र नवं, वेग जास्त, वेळ जास्त, मग चूक कुणाची? उरलं कोण? माल भरणारा माणूस.

त्यातच दरवर्षीची तपासणी आली. कानांचा डॉक्टर आला, कानवाल्यांना कानावर टोपणं घालून खोलीत बसवलं आणि म्हणाला, आवाज आला की बोट वर करा. कानवाले बोट तयार ठेवून बसून राहिले. बराच वेळ गेला. शेवटी डॉक्टरनेच टोपणं काढली.

दोन दिवसांनी साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली आणि एक कागद पुढे केला. यावेळी ते मोठ्याने बोलले, एकेक शब्द सुटा करून, लहान मुलाशी बोलतात तसं. "तुमची श्रवणशक्ती फार कमी झाली आहे. तुम्ही म्हणता दांडक्यातून गोळ्यांचा आवाज येत नाही. अहो, बाहेरचा कमी झाला, आतला आहे. तुम्हाला येत नाही. शनिवारपर्यंत यावर सही करा. सोमवारपासून तुम्ही पॅकिंगला. तिथे निवांत आहे."

पॅकिंग! कप कागदात गुंडाळायचे आणि खोक्यात भरायचे. सव्वीस वर्षं मिल चालवलेल्या माणसाने! आणि कागदावर कारण काय, तर कान. म्हणजे दोन भट्ट्याही त्याच कानांच्या नावावर.

कानवाले कागद घेऊन घरी आले. रागाने डोकं भणभणत होतं, पण रागाखाली आणखी एक गोष्ट होती आणि ती जास्त वाईट होती. साहेब म्हणतात तेच खरं असेल तर? कारकुनांनाही आवाज येत नाही म्हणा, पण कारकुनांचं काय, ते वर बसतात. दांडक्यातून बुक्के येत नाहीत हे मिलमुळे की माझ्यामुळे? कुकरची शिट्टी गेली तेव्हा तरी मला कुठे कळलं होतं? आधी वाटलं कुकरच बिघडला. नवा आणला. तोही वाजेना!

बायको घरी शिवणकाम करायची, पायाच्या मशीनवर. कानवाले तिच्यासमोर बसले, मशीनच्या त्या गोल चाकाकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "अगं, दोरा काढ."

"अहो, उद्या ब्लाउज द्यायचाय."

"दे गं उद्या. दोरा काढ आधी."

त्यांनी बिस्किटांचा गोल चपटा डबा घेतला. झाकणाच्या जागी पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा ताणून बसवला. आत बायकोच्या खणातले काचेचे मणी टाकले, निम्म्याला जरा कमी. आणि डबा स्क्रूने मशीनच्या चाकाला मधोमध घट्ट बसवला. बायको कपाळाला हात लावून बघत होती. सव्वीस वर्षांत मिल घरात आली नव्हती, ती आज आली.

"आता हळू चालव."

तिने पाय हलवला. मणी डब्याच्या तळाशी नुसते सरकत राहिले.

"जरा जोरात."

मणी भिंतीला धरून वर चढले आणि सुटून कोसळायला लागले, एकामागून एक. कानवाल्यांचा चेहरा उजळला. "हे! हे बघ, हे एकोणीस! असं दळतं!" मग ते वाकून म्हणाले, "आवाज येतोय का?"

"येतोय की. खळखळतायत."

"मला येत नाही. तू सांगत राहा. आता पळव."

तिने मशीन पळवली. मणी वर चढले, आणखी वर चढले, आणि मग कुणीच सुटेना. डब्याच्या काठाला मण्यांचं कडं झालं, मधे मोकळी जागा, आणि सगळं एकत्र फिरायला लागलं.

"अगंबाई," बायको म्हणाली, "गप्प झाले की!"

कानवाल्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "आवाज गेला?"

"गेला."

"नक्की? तुझे कान चांगले आहेत ना?"

"अहो, माझे कान चांगले आहेत म्हणून तर तुमच्याशी ओरडून ओरडून घसा बसलाय. गेला म्हणतेय ना आवाज! आणि हे बघा, पायाला पण हलकं लागतंय."

पायाला हलकं लागतंय. विजेचा काटा खाली आला होता, तो काही उगाच नव्हे. कानवाल्यांना एकदम रडू येईल असं वाटलं, म्हणून त्यांनी प्लास्टिकवरची धूळ पुसायचं निमित्त केलं. तेवढ्यात बायकोने पाय थांबवला. चाक मंदावलं आणि मण्यांचं कडं वरून फुटलं. सगळे मणी खाली आले, पुन्हा उसळले, पुन्हा कोसळले, आणि मग डबा थांबला.

"आता केवढा आवाज झाला," बायको म्हणाली.

कानवाले ताडकन उभे राहिले. पूर्वी घाणा सकाळी लागायचा, सहा तासांत संपायचा, मिल ते स्वतः थांबवत. नवी पेटी बसली तेव्हापासून तो दुपारी लागायचा आणि रात्रीपर्यंत चालायचा. थांबायच्या वेळी त्यांची पाळी संपलेली, वरचं ऑफिस बंद झालेलं. संध्याकाळच्या पाळीचा गडी कानात कापूस कोंबून बटण दाबायचा आणि सरळ हात धुवायला जायचा. ती मिल थांबताना कुणी म्हणून ऐकली नव्हती.

शनिवारी दुपारी साहेब स्वतः खाली आले, सही झाली का बघायला. बरोबर लॅबवाल्या बाई होत्या, हातात चाळणी. मिल बत्तीसवर फिरत होती, घरघर घरघर.

"साहेब, सही करतो," कानवाले म्हणाले. "पण आधी पाच मिनिटं मिल थांबवा. तुमच्या समोर."

साहेब मान हलवत काहीतरी म्हणाले. कानवाल्यांना शब्द कळले नाहीत, पण नकार कळला. घाणा मधे थांबवायचा नाही, हा नियम त्यांनी स्वतःच गेली सव्वीस वर्षं सगळ्यांना शिकवला होता. थांबवला तर गाळ तळाशी बसतो. डब्याचं काय सांगू, बायकोच्या मशीनचं काय सांगू, कुठून सुरू करू? शब्द पुन्हा वाटेतच बसले. दोन आठवडे हेच चाललं होतं. आणि मग कानवाल्यांचं डोकंच फिरलं. "अहो, ऐका ना एकदा!" असं ते एवढ्या जोरात ओरडले की बाईंच्या हातातली चाळणी पडली. त्यांनी हात लांब करून लाल बटण दाबलं.

घरघर मंदावली. एक क्षण, दोन क्षण, काही नाही. साहेबांच्या कपाळावर आठी. आणि मग आत काहीतरी सुटलं. आधी थोडे, मग सगळे. तीन-चार टन गोळे आठ फुटांवरून कोसळायला लागले. खालची जमीन हादरली. साहेब दोन पावलं मागे सरून भिंतीला टेकले. वरच्या खिडक्या धडाधड उघडल्या, कारकून ओरडायला लागले, काय फुटलं, काय फुटलं? पिंप आणखी मंदावलं, धबधबा ओळखीचा झाला, मग पोत्यावरचे बुक्के, मग नुसती घसरण, आणि मग थांबलं.

कानवाल्यांना सगळं ऐकू आलं. दांडक्याशिवाय.

साहेब शिकलेले होते. त्यांना दुसऱ्यांदा दाखवावं लागलं नाही. ते पिंपाकडे बघत राहिले, वरपासून खालपर्यंत, जणू पहिल्यांदाच त्याची उंची मोजत होते. मग त्यांनी बाईंकडे वळून मोठ्याने विचारलं, "बत्तीस कुठल्या मिलचं होतं?"

"लहान मिलचं, साहेब," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी कागदावर वरती लिहिलं होतं. लहान मिल. थांबा, कागद आणते." आणि त्या पळतच लॅबकडे गेल्या.

लहान पिंप कमरेएवढं. त्यात बत्तीस फेऱ्यांनाही गोळा सुटतो. तेवढेच फेरे आठ फुटांच्या पिंपाला दिले तर त्याची भिंत अडीचपट वेगाने पळते, गोळ्याला सुटायला फुरसतच देत नाही. चूक एवढीच होती. त्यासाठी दोन भट्ट्या गेल्या, आणि एक माणूस पंधरा दिवस स्वतःच्या कानांना शिव्या देत झोपला.

मिलजवळ आता दोघंच उरले. साहेबांनी वेगाचं बटण फिरवून काटा एकोणीसवर आणला. टेबलावरचा सहीचा कागद उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला. मग ते कानवाल्यांसमोर आले, खाली बघत काहीतरी बोलले. एक वाक्य नव्हतं. दोन-तीन वाक्यं होती. नेहमीच्या त्या हळू आवाजात.

"आँ?" कानवाले म्हणाले.

साहेबांनी वर बघितलं. ओठ हलले, पण थोडेसेच.

"काय म्हणालात, साहेब?"

"काही नाही," साहेब मोठ्याने म्हणाले. "एकोणीसवरच ठेवा. सोमवारी तुम्हीच या." आणि ते जिना चढून गेले.

ऊन असतानाच कानवाले घरी पोचले. बायको मशीनवर होती. डबा काढलेला, दोरा ओवलेला. तिने त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि पाय थांबवला.

"काय झालं हो? सही केलीत?"

"नाही केली. मिल परत एकोणीसवर आणली. मीच आहे तिथे."

"अगंबाई! मग तोंड असं का?"

कानवाले खुर्चीवर बसले. चप्पल काढायचंही त्यांच्या लक्षात आलं नाही. "साहेब काहीतरी म्हणाले. कागद खिशात घातल्यावर."

"काय म्हणाले?"

"ते ऐकू नाही आलं."

"अहो, मग परत विचारायचं!"

"विचारलं. दोनदा विचारलं. तर म्हणाले, काही नाही."

बायको मशीनवरून उठली. मग जवळ येऊन, त्यांच्या कानाशी वाकून, नेहमीपेक्षा जरा मोठ्याने म्हणाली, "चुकलं म्हणाले असतील."

"म्हणाले असतील," कानवाले म्हणाले. "सव्वीस वर्षांत एक साहेब कधी नव्हे तो काहीतरी म्हणत होता, आणि मी त्याच्या तोंडासमोर आँ, आँ करत उभा."